पहिल्या सुतातला झटका

"हँडल म्हणजे झोपलेल्या लेकराचा हात. धरायचा, पण लेकरू उठता कामा नये."

हा आवाज आईचा. मी नऊ वर्षांचा, सायकल भाड्याची, आणि आई मागे कॅरिअर धरून धावतेय. भीती वाटली की तिला गाणं सुचायचं. शब्द तिचे, चाल तिची, आणि धाप लागल्यामुळे अर्ध्या अर्ध्या ओळीला एक श्वास :

मूठ धर अशी बाळा, जसा तान्हुल्याचा हात
जाग येऊ नये त्याला, न्यावं झोपेत घरात

आईने कॅरिअर कधी सोडलं ते मला कळलं नाही. कळलं तेव्हा मी गटारात होतो. पण त्यात माझ्या हाताचा दोष नव्हता. गटार रस्त्याच्या फार जवळ होतं. हे मी आजही लिहून द्यायला तयार आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, कारण माझी हकिगत ऐकणारे लोक फार लवकर भलत्या निष्कर्षाला येतात.

तर, चार महिन्यांपूर्वीच्या एका सोमवारी सव्वानऊला मी मोटरसायकल काढून जिन्यासमोर उभी केली. तेवीस वर्षं ही वेळ चुकलेली नाही. गाड्या तीन झाल्या, मागे बसणारं माणूस तेच. बायको ग्रंथालयात आहे, माझं ऑफिस तिथून पुढे दोन सिग्नल. ती खाली आली, पण हातात हेल्मेट नव्हतं.

"आजपासून मी चालत जाते," ती म्हणाली.

"का गं?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"कुठल्या डॉक्टरांनी?"

"सगळेच सांगतात की."

आणि गेलीसुद्धा. मी मागच्या सीटकडे पाहिलं. रेक्झिनवर तिच्या बसण्याने पडलेला एक उथळ खळगा आहे. पाऊस पडून गेला की त्यात चमचाभर पाणी साठतं आणि त्यात आभाळ दिसतं. त्या दिवशी कोरडाच होता.

कारण शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. कारण म्हणजे तो झटका. गाडीची मूठ बंद असताना पहिलं एक सूत पिळली (सूत म्हणजे सुताराचं माप, इंचाचा आठवा भाग, आमच्या वडिलांनी घरात दुसरं माप चालू दिलं नाही), तर आधी काहीच होत नाही, आणि मग गाडी दचकून उठल्यासारखी पुढे उडी घेते. घाबरून मूठ सोडली की ती तितक्याच तावातावाने थांबते. त्या प्रत्येक झटक्याला मागच्या हेल्मेटची माझ्या हेल्मेटवर धडक बसते. टक्. सिग्नलच्या गर्दीत हळूहळू सरकताना टक्, टक्, टक्. शेजारच्या रिक्षातले लोक बघायचे. त्यांना वाटत असावं, नवराबायकोचं भांडण आहे आणि तोंडाने बोलायचं बंद आहे.

तेव्हा तिने चालणं पत्करलं ते या झटक्यामुळे, हे उघड होतं. झटका गेला की ती परत मागे बसेल, हेही उघड होतं. आणि ती चालत जाते तो चौक कसा आहे हे मला माहीत होतं, त्यामुळे सव्वानऊ ते पावणेदहा या वेळात माझं सगळं लक्ष घड्याळावर असायचं. पावणेदहाला मी ग्रंथालयात फोन करायचो. ती उचलायची, "पोचले" म्हणायची आणि ठेवायची. झटका काढायलाच हवा होता.

आणखी एक कारण होतं, जरा खाजगी. त्या झटक्यांनी माझ्या उजव्या हातावर परिणाम होऊ लागला होता. यंत्राचा कंप माणसात उतरतो. घंटा वाजवून झाल्यावर जसा हात थोडा वेळ गुंजत राहतो, तसा माझा हात गाडीवरून उतरल्यावरही गुंजायचा. मी वजनमापे तपासणीच्या कार्यालयात निरीक्षक आहे, म्हणजे काटा का हलतो हे मला कोणी शिकवायची गरज नाही. एकतीस वर्षं मी दुकानदारांना सांगत आलोय, "काटा स्थिर होऊ द्या, मग बोला." आमच्याकडे लाकडी पेटीत प्रमाणित वजनं असतात; त्यातली बारीक वजनं नखाएवढी, ती चिमट्यानेच उचलायची. मागे एकदा त्यातलं एक माझ्या चिमट्यातून सुटलं. मी ताबडतोब पंख्याचा दोष ओळखला आणि पंखा बंद करवला. पंखा बंद झाल्यावर काय झालं ते इथे महत्त्वाचं नाही. हाताखालच्या बाई मात्र तेव्हापासून म्हणतात, "साहेब, वजनं मी उचलते, तुम्ही फक्त लिहा." मोठ्या कामसू आहेत.

घरी तर वेगळाच प्रकार. त्या सोमवारच्याही चार महिने आधीपासून मला चहा अर्धा कप मिळत होता. मी विचारलं तर बायको म्हणायची, "गार होतो. संपला की परत देते ना." परत द्यायचीही, पण पुन्हा अर्धाच. माझ्या आईची शेवटची तीन वर्षं या बाईने हातावर झेलली, तेव्हा तिच्याशी चहावरून हुज्जत घालायची माझी छाती नाही. पण पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाला अर्ध्या कपाची वागणूक मिळावी, हे कुठेतरी टोचतंच.

पार्किंगमध्ये मी गाडीसमोर उकिडवा बसलो आणि अर्ध्या मिनिटात बॉयलरकाका हजर झाले. हे तळमजल्यावर राहतात. आयुष्य कारखान्याच्या बॉयलरवर गेलं, त्यामुळे जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्यांचा एकच इलाज : दाब कमी करा.

"काय, दचकते का?"

"पहिल्या सुतात."

"कार्ब्युरेटर असता तर स्क्रू पाव फेरा फिरवला असता, विषय संपला असता. आता तुमचं ते इंजेक्शन. इंजेक्शन कशाला देतात? आजारी माणसाला. गाडी आजारी नव्हती तेव्हा तिला इंजेक्शन दिलंच कशाला?"

काकांनी गाडीवर बसून मूठ दोनदा पिळली. गाडी बिचारी मांजरासारखी गुरगुरली. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे पाहिलं, मग चष्मा पुसायला घेतला.

"दाखवून घ्या हो," ते म्हणाले. "लवकर दाखवून घ्या."

"मेकॅनिककडेच निघालोय."

"हां," काका म्हणाले. "तिकडेही जा."

मेकॅनिक म्हणजे तिशीचा, मितभाषी माणूस. त्याच्याकडे पान्यांच्या शेजारी लॅपटॉप असतो, आणि दोन्ही सारखेच काळे. माझं सगळं ऐकून घेतल्यावर त्याने मला समजावलं, "काका, इंजेक्टर पेट्रोल फवारतो. किती फवारायचं ते गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो. आणि तुम्ही मूठ किती पिळली, ते हा सेन्सर त्याला सांगतो."

"म्हणजे चहाडी करतो."

"चहाडी करतो, पण खोटं बोलत नाही."

हे वाक्य मी तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही.

पहिल्या आठवड्यात त्याने हवा जायचा मार्ग आणि इंजेक्टर धुतला. फरक पडला नाही. दुसऱ्या आठवड्यात मुठीची केबल नवी टाकली आणि तिचा ढिलेपणा काढला. त्यामुळे आधी निदान अर्धं सूत तरी गाडीला माझा हात कळत नव्हता, तो आता लगेच कळायला लागला, आणि झटके दुप्पट झाले. मग त्याने लॅपटॉप जोडला. पडद्यावर आकड्यांचा एक भलामोठा तक्ता होता; मूठ इतकी पिळली आणि इंजिन इतकं फिरत असलं तर पेट्रोल इतकं, असे शेकडो चौकोन. "कंपनी खालच्या चौकोनांत पेट्रोल थोडं कमी देते, धूर होऊ नये म्हणून. मी तिथे जरा वाढवून बघतो," तो म्हणाला. त्याने तीन टक्के वाढवलं. मी म्हणालो, अजून. पाच केलं. अजून. तो माझ्याकडे बघत राहिला, मग बारावर थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाढवलेल्या पेट्रोलची परीक्षा घ्यावी म्हणून मी बायकोच्या मागोमाग निघालो. हेतू दुहेरी होता. एक तर ती चौक कसा ओलांडते ते बघायचं, आणि दुसरं, चालत्या माणसाच्या वेगाने गाडी चालवून दाखवायची, म्हणजे तिने मागे वळून पाहिलं की गाडी कशी लोण्यासारखी झालीय ते तिला आपोआप दिसावं. ज्यांनी हा वेग कधी सांभाळलाय त्यांना कल्पना असेल. पहिलं सूतसुद्धा पूर्ण पिळायचं नाही. मी आईचं गाणं मनात म्हणत होतो. पण लेकरू काही केल्या झोपेना. गाडी उडी मारायची, थांबायची, उडी मारायची, थांबायची, आणि मागून काळा धूर सोडायची. पुढे दहा पावलांवर बायको, तिची पाठ ताठ. अशी आमची वरात चौकापर्यंत गेली तेव्हा ट्रॅफिक पोलीस आडवा आला.

"गाडी बाजूला घ्या. बाईंच्या मागे किती वेळ चाललंय हे?"

"तेवीस वर्षं," मी म्हणालो. घाबरलं की माझ्या तोंडून खरं निघतं.

"काय?"

"माझी बायको आहे हो ती."

"मग ती चालतेय आणि तुम्ही गाडीवर?" हा प्रश्न त्याने इतक्या मोठ्याने विचारला की दोन बसमधल्या लोकांनी खिडक्या उघडल्या. मग त्याने तिला हाक मारली. "ओ बाई, या गृहस्थांना ओळखता का?"

बायको थांबली. वळून तिने माझ्याकडे पाहिलं, हँडलवरच्या माझ्या हातांकडे पाहिलं. बराच वेळ. मला वाटलं, आता नाही म्हणते.

"ओळखते," ती म्हणाली. "चांगली ओळखते. सोडा त्यांना."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

पोलिसाने मला सोडलं, पण धुराला सोडलं नाही. धुराची तपासणी करून आणा म्हणाला. तपासणीत गाडी नापास झाली, आणि नापास झाल्याची नोंद थेट वाहन कार्यालयात जाऊन बसली. ती पुसायची तर गाडी मूळ स्थितीत आणून, मालकाने सहीनिशी अर्ज करायचा. मेकॅनिकने मुकाट्याने बारा टक्के परत काढून घेतले. मी अर्ज भरून खिडकीशी गेलो.

आत एक वयस्क कारकून. त्यांनी माझा अर्ज घेतला, गाडीचे अकरा वर्षांपूर्वीचे कागद काढले आणि दोन्ही सह्या शेजारी शेजारी ठेवल्या.

"ही सही जुळत नाही."

"माझीच आहे."

"असेल. पण जुळत नाही. परत करा."

मी परत केली. मग परत. एकतीस वर्षं मी लोकांच्या तराजूंवर नापासाचे शिक्के मारलेत; मागे रांग उभी असताना काच लावलेल्या खिडकीसमोर आपण स्वतः नापास होणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं. पाच सह्या झाल्या. जुनी सही तारेसारखी सरळ, टोकाला एक ऐटदार फटकारा. या पाचही जणू पाण्यात पडलेल्या.

"पेन खराब आहे," मी म्हणालो.

त्यांनी स्वतःच्या खिशातलं पेन दिलं. सहावी सही.

मागून कोणीतरी ओरडलं, "अहो, नाव आठवत नाही का?" रांग हसली. कारकून मात्र हसले नाहीत. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या कागदावर पेपरवेट ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "साहेब, नियमात एक सोय आहे. डाव्या हाताचा अंगठा लावा."

मी पदवीधर आहे. सरकारी शिक्का माझ्या टेबलावर असतो. मी डाव्या हाताचा अंगठा शाईत बुडवला आणि लावला. तो मात्र स्वच्छ उमटला, एकेक रेष वेगळी. घरी जाऊन मी अंगठा मुठीत लपवून जेवायला बसलो. बायकोने भाजी वाढताना तो पाहिला. तिने मोरीतला साबण आणून माझ्या ताटाशेजारी ठेवला, आणि पाणी हवं म्हणून आत गेली. भांडं भरायला इतका वेळ लागत नाही.

आता उरला होता सेन्सर. माझी खात्रीच होती. मूठ स्थिर असताना हा चहाडखोर कॉम्प्युटरला जाऊन सांगत होता की ती हलतेय. मेकॅनिक म्हणाला, "काका, सेन्सर चांगला आहे." मी म्हणालो, बदल. त्याने बदलला. फरक शून्य. मी म्हणालो, नवाही बिघडलेला निघाला. तेव्हा त्याने पाना खाली ठेवला आणि हात पुसले.

"एक काम करू. लॅपटॉप जोडून ठेवतो, सेन्सर काय सांगतो ते सगळं तो लिहून घेईल. आधी मी एक चक्कर मारतो, मग त्याच रस्त्याने तुम्ही मारा."

त्याने चक्कर मारली. मी मारली. मग तो आत जाऊन बराच वेळ पडद्यासमोर बसला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात एक पाकीट होतं.

"दोन कागद आहेत. घरी जाऊन बघा."

"इथेच बघतो की."

"घरीच बघा, काका. काकूंसोबत." त्याने माझ्या गाडीच्या टाकीवरून उगीचच फडकं फिरवलं. "गाडीला काही झालेलं नाही. छान आहे गाडी."

संध्याकाळी सहाला मी ते कागद जेवणाच्या टेबलावर पसरले. बायको समोर बसली होती. मधे दोन कप, तिचा भरलेला, माझा अर्धा. पहिल्या कागदावर मेकॅनिकच्या हाताची रेघ : चढ, सपाटी, उतार, एखाद्या टेकडीसारखी. दुसऱ्यावर तीच टेकडी, तोच चढ, तीच सपाटी, पण सगळ्या अंगावर बारीक बारीक दाते. खालच्या पट्टीवर सेकंद आखले होते. मी सवयीने मोजले. सेकंदाला पाच. पुढच्या सेकंदालाही पाच. खराब वायर अशी वागत नाही. ती मनाला येईल तशी उड्या मारते. इतकं नेमाने चालणारं म्हणजे...

"बघ," मी घाईने म्हणालो, "नवा सेन्सरसुद्धा खराब. कंपनीला पत्र लिहायला पाहिजे."

बायकोने चष्मा लावला. दोन्ही कागद एकमेकांना लावून सरळ केले.

"हा मेकॅनिकचा. आणि हा तुमचा."

"माझा नाही, गाडीचा."

"सेन्सर कितवा हा?"

"दुसरा."

"केबल?"

"नवी."

"इंजेक्टर?"

"धुतला."

"मग आता बदलायचं काय राहिलं?"

"मूठ," मी म्हणालो. "मुठीचं रबर घट्ट बसलेलं नसेल. ते बदलून बघू."

तिने चष्मा काढला. माझा उजवा हात टेबलावर होता, त्या दुसऱ्या कागदाच्या कोपऱ्यावर, आणि कागदाचा तो कोपरा लाकडावर अगदी हलका आवाज करत होता. पाखरू फडफडावं तसा. आम्ही दोघं तो ऐकत होतो.

"हात थरथरतोय हो तुमचा," ती म्हणाली. "गाडीचं काही नाही त्यात. आठ महिने बघतेय मी. आईंनाही मी अर्धाच कप द्यायचे, आठवतं ना? त्यांचंही उजव्यापासूनच सुरू झालं होतं. रोज म्हणायचे, आज बोलू, आज बोलू. आणि तुमचं आपलं, इंजेक्टर धुतला, केबल बदलली."

मी कपाकडे हात नेला आणि परत आणला.

"म्हणून तू चालत... मी पाडीन म्हणून?"

"पडायची कसली भीती! तेवीस वर्षांत दोनदा पाडलंत, मी काही म्हटलं?" तिचा आवाज एकदम ओला झाला. "मागे बसलं की माझा हात तुमच्या खांद्यावर असतो. ती थरथर तिथून मला कळते. मग हेल्मेटच्या आत डोळे भरून येतात, काचेवर वाफ धरते, पुढचं काही दिसत नाही. आणि काच पुसायला खांद्यावरचा हात काढावा, तर वाटतं, आपण सोडलं तुम्हाला."

खाली पार्किंगमध्ये कोणीतरी गाडी सुरू केली. बॉयलरकाकांचा आवाज आला, "दाब कमी करा, दाब!"

तिने माझा थरथरता हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. आवळला नाही. नुसता धरला, त्याला जाग येऊ नये असा. परवा अकराचा नंबर लावलाय, ती म्हणाली. आईंना बघायचे त्याच डॉक्टरांकडे. रिक्षाने जाऊ.

"मला माहीत होतं," मी म्हणालो.

"केव्हापासून?"

"पंखा बंद केला त्या दिवसापासून. पंखा बंद झाला, सगळं ऑफिस घामाघूम झालं, आणि वजन तरीही पडलं."

"मग चार महिने त्या गाडीच्या का मागे लागलात?"

"सेन्सर बदलता येतो," मी म्हणालो. "म्हणून."